पुसून दिलेला राउटर

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. चोर एकीतला, साक्षीदार दुसरीतला, असं होतं. ही एक केस मात्र अजून माणसांच्या आवाजासकट समोर उभी राहते. गेल्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर म्हणालात, की घरातला जुना राउटर शेजाऱ्यांना देऊन टाकला. मी लगेच विचारलं, "पुसून दिलात ना?" तुम्ही हसायला लागलात. राउटर पुसायचा असतो हे आजीला कुणी सांगितलं? तेच लिहायला बसले आहे. नावं कुणाचीच लिहिणार नाही. काही माणसं अजून आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुलं आहेत.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी कुंभकोणमला क्राइमला सब-इन्स्पेक्टर होते. आपलं घराणं मराठ्यांच्या काळात तंजावरकडे आलेलं, हे तुम्हाला माहीत आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी आमची तीनशे वर्षांची रीत. माझं शिक्षण इंग्रजीत झालं. आज जी मराठी लिहिते आहे ती तुमच्या आईचं लग्न पुण्यात झाल्यावर, मोठ्या वयात शिकले. केसच्या वेळी मला फक्त आमची घरची जुनी मराठी येत होती, आणि स्टेशनमध्ये तीही मी कधी उच्चारत नसे. बाई अधिकारी म्हणून लोक आधीच बारकाईने बघत. त्यात 'ही त्यांच्यातली' असं कुणी म्हणायला नको, असं मला वाटे.

सुरुवात एका फोनने झाली. पापनाशम्‌च्या एका औषधवाल्याने नाव न सांगता कळवलं, की रेल्वे स्टेशनजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये औषधांची खोकी आहेत आणि एक माणूस ती बिलाशिवाय विकतो आहे.

"बिलाचं तुम्ही बघा, अम्मा," तो म्हणाला. "मला राग त्याचा नाही. खोक्यावर 'थंड जागी ठेवा' असं छापलंय, आणि हा शहाणा ते तापलेल्या पत्र्याखाली ठेवतोय. उद्या कुणी ते टोचून घेईल."

आम्ही गेलो तेव्हा माणूस निसटला होता. खोकी मिळाली. पंचनामा केला, इकडे त्याला महजर म्हणतात. लेबलांवरून पत्ता लागला. औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीचा तो माल होता. मुख्य ऑफिस पुण्यात, गोदाम तिरुचीला आणि एक शाखा आमच्या गावात. गोदामवाल्यांनी कागद दाखवला. माल पापनाशम्‌च्या एका दुकानाला पाठवा, अशी ऑर्डर कुंभकोणम शाखेतून कॉम्प्युटरवर आली होती. दुकान अस्तित्वातच नव्हतं. आणि ऑर्डर आली होती रविवारी सकाळी, शाखा बंद असताना.

शाखेची किल्ली एकाच माणसाकडे असे. त्याला सगळे रायर म्हणत. आमच्या भागात मराठी घरच्या माणसाला तमिळ लोक असंच हाक मारतात. पन्नाशी ओलांडलेला, कपाळावर गंधाचं उभं नाम, धुवट पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. एकतीस वर्षं त्या शाखेत कारकून. रविवारी सकाळी कुठे होतात, या प्रश्नावर त्याचं उत्तर होतं, तिरुवलंचुळीला, श्वेतविनायकाच्या दर्शनाला. बरोबर कोण होतं? कुणी नाही.

पुण्याहून त्यांच्या इंजिनिअरचं इंग्रजी पत्र फॅक्सने आलं. राउटर म्हणजे एका गावचे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरशी जोडणारी पेटी, हे मी त्या पत्रातूनच शिकले. पत्रात लिहिलं होतं, की दोन महिन्यांपूर्वी शाखेत नवा राउटर बसवला. जुन्यात मुख्य ऑफिसचा फोन नंबर, शाखेचं नाव आणि पासवर्ड साठवलेला होता. रविवारची ऑर्डर नव्या नाही, जुन्या राउटरच्या पासवर्डने आली. जुनी पेटी बाहेर देण्याआधी ती माहिती नष्ट करा, अशी स्पष्ट सूचना आपण रायरना फोनवर दिली होती आणि त्यांनी ती मान्य केली होती.

रायरचा तमिळ जबाब याच्या अगदी उलट होता. "नष्ट करा असं मला कुणी सांगितलं नाही. विचारून द्या, असं सांगितलं. मी विचारून दिली."

"कुणाला विचारलं?"

"मॅनेजरसाहेबांना."

"दिली कुणाला?"

"जुनं सामान घेणारा हातगाडीवाला येतो, त्याला. इतर मोडक्या सामानाबरोबर."

मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, असं काही विचारल्याचं आठवत नाही. हातगाडीवाला कोण, ते रायरला सांगता येईना. आमच्या हेड कॉन्स्टेबलनी, म्हणजे एट्टय्यांनी, एक दिवस गल्ल्या फिरून पाहिल्या आणि हात हलवत परत आले.

इन्स्पेक्टरसाहेबांच्या दृष्टीने चित्र पुरं झालं होतं. पेटी रायरने मुद्दाम तशीच ठेवली, घरी नेली, रविवारी वापरली. "इंजिनिअर शिकलेला माणूस, त्याने लेखी दिलंय," ते म्हणाले. "मॅनेजर म्हणतो, विचारलं नाही. हा एकटाच वेगळं बोलतो. यात शोधायचं काय राहिलं, अम्मा?"

रायरला आम्ही रोज सकाळी बोलावत होतो आणि संध्याकाळी घरी सोडत होतो. कंपनीने त्याला कामावर यायला मनाई केली होती. त्याची बायको रोज बरोबर यायची. स्टेशनच्या व्हरांड्यात बाक होतं, त्याच्या एका टोकाला दहीभाताचा डबा मांडीवर घेऊन बसायची. पहिल्याच दिवशी मी जवळून गेले तेव्हा तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. माझ्या मंगळसूत्राची घडण तिने ओळखली असणार. हळूच मराठीत म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्यांतल्याच कीं?"

मी तमिळमध्ये उत्तर दिलं, "इथे गर्दी करू नका. तिकडे सरकून बसा."

ती सरकून बसली.

चौकशीत मी एक गोष्ट नेहमी पाहत आले. खोटं बोलणारा माणूस रोज थोडी दुरुस्ती करतो. काल जिथे अडकला होता तिथे आज एक फळी टाकून येतो. रायर काहीच दुरुस्त करत नव्हता. तेच वाक्य, त्याच शब्दांत. एट्टय्या वैतागले. "रायर, तुम्ही पोपट आहात का? पुण्याचा माणूस म्हणतो नष्ट करा, तुम्ही म्हणता विचारून द्या. त्याला काय वेड लागलंय?"

"त्यांना कशाला लागेल? फार गोड बोलले. मी तंजावरकडचा मराठी, हे ऐकून त्यांना कोण आनंद झाला. सगळं मराठीतच बोलले."

हे वाक्य मी ऐकलं, लिहून घेतलं, आणि पुढे गेले. आज त्याचा राग येतो तो स्वतःचाच. दार तिथेच उघडं होतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या ऑफिसात कळली. तिथली टायपिस्ट हसत म्हणाली, "रायर आणि न विचारता काही देतील? पंखा लावायचा तरी विचारतात. टाचणी संपली तर नवी डबी उघडू का म्हणून विचारतात. मॅनेजर तर वर न बघताच हो म्हणतात."

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी सांगितलं, "उद्या सकाळी अटक दाखवा. दुपारी मॅजिस्ट्रेटसमोर उभा करू. आज कबूल झाला तर त्याच्याच भल्याचं."

एकदा अटकेची नोंद झाली, की पुढे निर्दोष सुटूनही त्या गल्लीत त्याला कुणी पूर्वीसारखं रायर म्हणणार नव्हतं. एकतीस वर्षं विचारल्याशिवाय टाचणी न हलवणारा माणूस चोर म्हणून निवृत्त होणार होता. माझ्या मनात शंका होती, पण शंका फाइलमध्ये लावता येत नाही. इंजिनिअरचा जबाब फक्त पत्रावर होता. तो निदान त्याच्या तोंडून ऐकावा, म्हणून साहेबांच्या खोलीतून मी पुण्याला फोन लावला. इंग्रजीत बोलणं सुरू झालं. त्याने पत्रातलंच सांगितलं. मी तीन वेळा तेच विचारलं तेव्हा तो चिडला.

"मॅडम, भाषेचा प्रश्नच नव्हता. माझी मातृभाषा मराठी आणि त्यांचीही मराठी."

का कोण जाणे, मी मराठीत बोलून गेले. "माझीहि मराठीच. तुम्ही त्यांस काय म्हणालां, तेंच सांगा. जसें म्हणालां तसें."

तो हसला. "अरे वा! तुम्ही पण? सांगतो ना. मी म्हणालो, रावसाहेब, नवा राउटर बसला की जुना पुसून मगच द्या. अगदी स्वच्छ मराठीत."

"पुसून?" मी म्हणाले. "कोणास पुसून?"

"कोणास काय? राउटर पुसून!"

"राउटरास कसें पुसणार? तो काय सांगणार?"

"मॅडम, तुम्ही चेष्टा करताय का?"

"नाही हो. मी पुसतें आहे."

"काय पुसताय?"

तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, हे मला आठवतं. आमच्या घरात पुसणं म्हणजे विचारणं. आजोबा पुसत, मास्तर पुसत, नवरीला नाव पुसत. फडक्याने जे करतात त्याला आमच्याकडे तमिळवरून आलेला वेगळाच शब्द. पुण्याच्या मराठीत पुसणं म्हणजे फडकं फिरवणं, लिहिलेलं नाहीसं करणं, हे मला त्या मिनिटापर्यंत ठाऊक नव्हतं. रायरला कुठून असणार?

"आणि ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, पुसूनच देतों, काळजी नको. मला तर फार आवडलं ते."

"पुसायचें कसें, तें त्यांस सांगितलें होतें?"

तो हलक्या आवाजात म्हणाला, "नाही. कमांड टाइप करावी लागते. बटण बंद करून जात नाही ते, आतल्या मेमरीत राहतं. मला वाटलं, मला विचारतील."

"त्यांस वाटलें, तुम्ही मॅनेजरास पुसायला सांगितलेंत."

फोन ठेवल्यावर मी फाइल उघडली. एका पानावर इंजिनिअरचं इंग्रजी 'नष्ट करा', समोरच्या पानावर रायरचं तमिळ 'विचारून द्या'. दोघंही खरं बोलत होते. शब्द एकच होता, आणि तो मूळ शब्द आमच्या कागदांत कुठेच नव्हता. एकाने त्याचं इंग्रजी केलं होतं, दुसऱ्याने तमिळ, आणि आम्ही भाषांतरांची उलटतपासणी करत बसलो होतो.

मी साहेबांना सगळं सांगितलं. मी मराठी आहे, हेही त्याच वेळी सांगावं लागलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे पुण्यात जमीन पुसतात, आणि तुम्ही लोक माणसाला पुसता?"

"होय, सर."

"आणि आपण तीन दिवस या माणसाला पुसत बसलो. तुमच्याच अर्थाने."

"होय, सर."

"अटक थांबवा. तो हातगाडीवाला शोधा. आता असेल तो."

रायर खोटं बोलत नाही, हे गृहीत धरल्यावर काम वेगळ्या दिशेने झालं. हातगाडीवाले खूप, पण ते माल नेऊन टाकतात ती भंगाराची गोदामं गावात मोजकीच. दुसऱ्या गोदामातल्या म्हाताऱ्या मालकाला पेटी आठवली, कारण ती नेणारा आठवला.

"माझ्याकडे येणारा माणूस आधी वस्तूला नावं ठेवतो," तो म्हणाला. "गंजलंय, मोडलंय, फुकट दे. त्याने ढिगातून तेवढीच एक पेटी उचलली, शर्टाने झटकली आणि मी सांगितलं ते देऊन गेला. भंगारात घासाघीस न करणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. साक्कोट्टैच्या बाजूला कॉम्प्युटरचा क्लास घेतो, तोच."

तो पूर्वी त्याच कंपनीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराकडे होता. पेटीत काय असतं, ते त्याला माहीत होतं. साक्कोट्टैच्या त्याच्या खोलीत राउटर टेलिफोनला जोडलेला सापडला. लेबल खरवडून काढलं होतं. पण वरच्या बारीक फटींत पिवळट काहीतरी वाळून बसलं होतं. ओळख पटवायला आम्ही रायरला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं, नखाने थोडं खरवडलं आणि नाकाशी नेलं.

"चंदन," तो म्हणाला. "नवरात्रातल्या आयुधपूजेला मी लावत होतो. ही आमचीच."

पुण्याचा इंजिनिअर स्वतः आला. स्टेशनच्या टेबलावर त्याने पेटीला वीज दिली, कॉम्प्युटर जोडला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. कुंभकोणम शाखा. खाली फोन नंबर. त्याखाली पासवर्ड, सरळ वाचता येईल असा. दोन महिने भंगारात, ढिगाखाली आणि परक्या घरात राहून ती पेटी काहीच विसरली नव्हती. एट्टय्या म्हणाले, "माझ्या साक्षीदारांना अशी आठवण असती तर!"

क्लासवाल्याने त्याच दिवशी कबुली दिली; शेडमधून निसटलेला माणूसही तोच होता. "मी काही फोडलं नाही, अम्मा," तो म्हणाला. "पेटी लावली. तिनेच फोन केला, आणि पलीकडच्यांनी दार उघडलं." बोलणं खरं होतं, म्हणून गुन्हा कमी होत नव्हता. औषधं पत्र्याखाली तापत ठेवल्याबद्दल विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली. तेवढ्यावरून मला वाटलं, की हा पुरता वाया गेलेला नाही. त्याला शिक्षा झाली. खराब झालेला माल नष्ट केला. तो पापनाशम्‌चा औषधवाला शेवटपर्यंत पुढे आला नाही, पण मोठं पाप त्यानेच थांबवलं.

मॅनेजरला मी एकच प्रश्न विचारला. "रायर दिवसातून किती वेळा विचारतात?"

"वीस वेळा तरी."

"आणि तुम्ही?"

तो ओशाळला. "वर न बघता 'हो' म्हणतो. त्या दिवशीही म्हटलं असेन. अम्मा, मी खोटं बोललो नाही. खरंच आठवत नव्हतं."

मला ते पटलं. या केसमध्ये एक चोर सोडला तर कुणीच खोटं बोललं नव्हतं. इंजिनिअरने काय करायचं ते सांगितलं, कसं ते सांगितलं नाही. रायरने कान देऊन ऐकलं, पण आपल्या घरच्या अर्थाने. मॅनेजरने हो म्हटलं, काय विचारलंय ते न ऐकता. आणि मी, दोन्ही बाजूंना ऐकू शकणारी त्या स्टेशनातली एकमेव व्यक्ती, तमिळचं कुलूप लावून बसले होते. कुणाची बाजू घेते असं दिसू नये म्हणून मी गप्प होते. पण त्याच्या भाषेत त्याला एक प्रश्न विचारणं म्हणजे बाजू घेणं नव्हतं, ते माझं कामच होतं. त्यानंतर मी प्रत्येक जबाबात माणसाचा मूळ शब्द, त्याच्या भाषेतला, कंसात लिहून ठेवायला लागले. जबाब लिहून घेणारे रायटर कॉन्स्टेबल कुरकुरायचे. लिहायचे मात्र.

तुम्ही कोणतंही यंत्र हातावेगळं करताना नुसतं बटण बंद करून समाधान मानू नका. आतली माहिती काढून टाकायची रीत असते, ती पुरी करा, आणि पुन्हा चालू करून पडदा कोरा दिसतो का ते डोळ्यांनी पाहा. दुसऱ्याला ते करायला सांगत असाल तर कसं करायचं तेही सांगा, आणि तो काय समजला ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

कंपनीने रायरला परत कामावर घेतलं. पहिल्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी नवराबायको स्टेशनात आले. हातात केळ्यांचा घड होता. मी त्यातलं एक केळं घेतलं, बाकी एट्टय्यांनी लगेच वाटून टाकली.

रायर पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलला. "अम्मा, आतां कोणी पुस म्हटलें, कीं मी आधीं पुसतों, पुस म्हणजे काय?"

"ऑफिसांत पुसा," त्याची बायको म्हणाली. "घरांत तेवढें नको. तीस वर्षें झालीं, भात वाढूं कां म्हणून मी पुसतें, आणि हे मलाच पुसतात, वाढूं देऊं कां."

सगळे हसले. ज्यांना मराठी कळत नव्हतं ते एट्टय्याही हसले. मग ती व्हरांड्यातून उतरायला लागली. तिच्या जागेवर, बाकाच्या टोकाला, दुसऱ्या कुठल्यातरी केसमधली बाई डबा घेऊन बसली होती. मी चार पावलं पुढे गेले आणि तिला हाक मारली.

"बाई, तुम्ही पुसलां होतां, मी तुमच्यांतलीच कां म्हणून."

ती थांबली.

"होय," मी म्हणाले. "पुसलां तेव्हांच सांगायचें होतें."